हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात सरकार निवृत्तिवेतनधारकांना एकच प्रश्न विचारतं : तुम्ही हयात आहात ना? उत्तर दाखल्याने द्यायचं असतं. नाही दिलं तर पेन्शन थांबतं. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागे. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, अंगठा टेकवून दाखला मिळू लागला. आता मोबाइलसमोर चेहरा धरला तरी काम भागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. पण बँकेतल्या त्या रांगेत आणखी एक काम परस्पर होऊन जात असे. ‘जोशी यंदा दिसले नाहीत,’ असं कुणीतरी म्हणे आणि दुसरा कुणी संध्याकाळी जोशींच्या घरी डोकावून येई. दाखला आला नाही हे आजच्या यंत्रणेलाही कळतं, पण ती पेन्शन थांबवून मोकळी होते. दार वाजवायला कुणाला पाठवत नाही.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांबद्दल आपण बोलतो ते बहुधा मुलांना दोष देण्यासाठी किंवा ‘माणुसकी उरली नाही’ असं म्हणून सुस्कारा सोडण्यासाठी. ऑगस्ट 2017 मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका उंच इमारतीत परदेशातून आलेल्या मुलाला आईचा सांगाडा सापडला, तेव्हा हेच झालं. मायलेकांचं शेवटचं बोलणं एप्रिल 2016 मध्ये झालं होतं. मुलगा निर्दय, शेजारी दगड, असा निकाल चार दिवसांत लागला आणि विषय संपला. माझ्या मते खरा प्रश्न तिथून पुढे सुरू व्हायला हवा होता. सोसायटी, बँक, वीज कंपनी, दूधवाला अशा इतक्या जणांशी रोजचा व्यवहार असलेल्या शहरात एखादं माणूस महिनोन्‌महिने दिसत नाही, हे कुणाच्याच लक्षात येऊ नये अशी रचना आपण कशी केली?

जपानमध्ये या प्रश्नाचं एक उत्तर फार आधी मिळालं होतं. टोकियोजवळच्या मात्सुदो शहरात तोकिवादाइरा नावाची मोठी वसाहत आहे. तिथे 2000 च्या सुमारास 69 वर्षांच्या एका भाडेकरूचा मृतदेह त्याच्या मृत्यूनंतर तब्बल तीन वर्षांनी सापडला. भाडं आणि बिलं खात्यातून आपोआप वळती होत होती. शिल्लक संपली तेव्हा कुठे दार उघडलं गेलं. माणूस गेला तरी त्याचे व्यवहार चालू राहू शकतात, हे तिथल्या रहिवाशांना तेव्हा कळलं. त्यांच्या संघटनेने मग आणीबाणीत कुणाला कळवायचं याच्या नोंदी घेतल्या आणि गप्पांना बसण्यासाठी एक जागा उघडली. प्रश्न मात्र मोठाच होत गेला. जपानी पोलिसांनी देशभरातली पहिली पूर्ण मोजदाद केली, तेव्हा 2024 या एका वर्षात एकट्या राहणाऱ्या 76,020 जणांचा मृत्यू घरी झाल्याचं दिसलं. त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त 65 च्या पुढचे होते.

आपल्याकडे हा विषय निघाला की चाळीची आठवण हमखास निघते. ती काढावीही, पण नीट. चाळीतली माणसं आजच्यापेक्षा मनाने मोठी होती असं मला वाटत नाही. त्यांना एकमेकांच्या दाराशी जाण्याची कारणं होती, एवढंच. अख्ख्या मजल्यात एकाकडे टेलिफोन असे आणि बाकीचे आपल्या पत्त्याखाली त्याचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापत. विरजण मागायला, गॅसचा सिलिंडर उतरवून ठेवायला सांगायला, किल्ली ठेवायला शेजारी लागायचा. सार्वजनिक नळ आणि संडास कॉमन गॅलरीच्या टोकाला. तिकडे जाताना प्रत्येकाचं उघडं दार वाटेत यायचंच. यातलं काहीही समाजसेवा म्हणून होत नव्हतं. लोक आपापल्या कामाला निघत आणि म्हातारीचा खोकला वाढलाय हे जाता-येता कळत असे.

पण तेच डोळे आणखीही पुष्कळ काही पाहत. विधवा बाई किती वाजता घरी आली, कुणाच्या दारात कोणत्या जातीचा मुलगा उभा होता, याचाही हिशेब गॅलरीत ठेवला जाई. चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या कित्येक बायकांनी पहिला मोकळा श्वास बंद दाराआड घेतला. वरळीच्या बीडीडी चाळींमधली 556 कुटुंबं ऑगस्ट 2025 मध्ये 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घराची मालक झाली. गुडघे दुखत असताना रात्री गॅलरीच्या टोकाशी जाणाऱ्या बाईला घरात स्वतःचा संडास मिळाला, यासारखं सुख नाही. तिला चाळीच्या आठवणींचे उमाळे आपण ऐकवू नयेत. चाळ परत आणायची नाही. तिच्याबरोबर जी कारणं गेली, त्यांच्या जागी काय ठेवायचं, एवढंच ठरवायचं आहे.

कारणांचं महत्त्व किती, हे शिकागोत जुलै 1995 मध्ये फार क्रूरपणे सिद्ध झालं. उष्णतेच्या लाटेत तिथे सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत घरात एकटे असलेले वृद्ध पुष्कळ होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी दोन शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन्हींकडे गरिबी होती, दोन्हींकडे एकटे वृद्ध बरेच होते. तरी पहिल्या वस्तीत लाखामागे सुमारे 40 मृत्यू झाले आणि दुसरीत चारहून कमी. एका वस्तीतले कारखाने गेले, दुकानं बंद पडली, प्लॉट ओसाड झाले; म्हातारी माणसं भीतीने दारं लावून बसली. दुसरीत फुटपाथवर वर्दळ होती, दुकानं चालू होती, त्यामुळे वृद्धांना घराबाहेर पडावंसं वाटत होतं. रस्त्याच्या कडेला चालू असलेल्या वाण्याच्या दुकानानेही माणूस वाचतो, असा याचा अर्थ. घरपोच किराण्याचं अ‍ॅप उघडताना हे आठवायला हरकत नाही.

हा प्रश्न फक्त अमेरिकेत मुलं असलेल्या पुण्या-मुंबईच्या आईबापांचा आहे, हा समजही सोडायला हवा. बीड जिल्ह्यातल्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा ‘कोयता’ उचल घेऊन पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्याच्या फडावर जातो. गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडं. नातवंडांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं तरी आहेत. आजी आजारी पडली तर तालुक्याला कोण नेणार, हा प्रश्न मात्र उरतोच. कोकणातल्या कित्येक घरांत गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर एकच दिवा लागतो, आणि वाडीतलं पुढचं घर हाकेच्या पल्ल्याबाहेर असतं. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण देशात 8.6 टक्के, तर महाराष्ट्रात 9.9 टक्के होतं. 2036 पर्यंत देशाचा आकडा 15 टक्क्यांच्या आसपास जाईल असा सरकारी अंदाज आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली आणि मूल नसेल तर मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकावर. मालमत्ता लिहून घेऊन सांभाळ न करणाऱ्याचं बक्षीसपत्रही रद्द होऊ शकतं. सांभाळ म्हणजे वारशाची परतफेड, असं हे गणित आहे. शेजाऱ्याला वारसा मिळत नाही, म्हणून तो कायद्यात कुठे नाही. या कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याला काम दिलेलं आहे : हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी अद्ययावत ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यायची. तरतूद उत्तम आहे, पण पोलिसांवरचा कामाचा बोजा पाहता भेट झालीच तरी ती महिन्यातून एकदा. मधले एकोणतीस दिवस शेजाऱ्याचेच.

मग शेजाऱ्याची जबाबदारी नेमकी किती? लोक मागे हटतात ते दुष्टपणाने नव्हे; एकदा हात दिला की सगळंच गळ्यात येईल, या धास्तीने. म्हणून या जबाबदारीची हद्द आखून घ्यावी. शेजारी म्हणजे मुलगा नव्हे, परिचारिकाही नव्हे. सकाळचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत दारातच पडलं असेल तर बेल वाजवणं, उत्तर आलं नाही तर कुणाला फोन करायचा हे ठाऊक असणं आणि दुसरी किल्ली कुणाकडे आहे याची माहिती असणं, इतकं पुरे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यांत सभासदांची नोंद असतेच. तिच्या शेजारी आणखी एक वही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या वहीत नाव घालायचं की नाही हे मात्र त्या ज्येष्ठ व्यक्तीने ठरवावं. एकटं राहणं हा कित्येकांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि त्यांच्या घरात चौकशीच्या नावाखाली पुन्हा गॅलरीचे डोळे शिरता कामा नयेत.

सावधगिरीचा अतिरेकही तपासायला हवा. वृद्धांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या आल्या की आपण त्यांना एकच सल्ला देतो : दार उघडू नका. आता चोर दारातून येतच नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने लुबाडणारे व्हिडिओ कॉल चालू ठेवायला लावतात आणि पहिली अट घालतात ती ही, की कुणाला काही सांगायचं नाही. त्यांचा सगळा धंदा या अटीवर उभा आहे. अशा वेळी शेजारच्या काकू काही मागायला आल्या आणि ‘चेहरा का असा उतरलाय?’ एवढं विचारून गेल्या, तरी आयुष्यभराची पुंजी वाचू शकते.

काही मागायला, असं मी मुद्दाम म्हणतो आहे. आपण वृद्धांकडे जातो ते द्यायला. दिवाळीत फराळाचं ताट देऊन येतो आणि ते घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचं ओझं ठेवून येतो. घेणाराच होऊन राहिलेला माणूस हळूहळू संकोचाने दार लावून घेतो. त्याच्याकडे मागायला जावं. भाजणीचं प्रमाण विचारावं, मुलाचं गणित त्याच्या हवाली करावं, गावाला जाताना आपल्या घराची किल्ली त्याच्याकडे ठेवावी. ज्याच्याकडे चार घरांच्या किल्ल्या असतात, तो एक दिवस दिसला नाही तर चार घरांचं अडतं. शेजार टिकतो तो अशा अडण्यावर. कळवळ्याला तर पुढच्या बातमीपर्यंतचंच आयुष्य असतं.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनी हे परोपकार म्हणून वाचू नये. एकच मूल, तेही दुसऱ्या शहरात, विसाव्या मजल्यावरचं घर आणि सगळी बिलं खात्यातून परस्पर वळती, ही उद्याची व्यवस्था आपण स्वतःसाठीच उभारतो आहोत. तिच्यात बदल करायचा तर तो हातपाय चालत असतानाच. सोसायटीच्या पुढच्या मासिक सभेत पार्किंग आणि गळती यांच्या आधी हा विषय घ्यावा, आणि वहीत पहिलं नाव स्वतःचं लिहावं.