सडपातळ देह, जड यकृत

धाराशिव म्हटले की दुष्काळ आठवतो, ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे आठवतात, आणि 2018 साली केंद्राने दिलेली ‘आकांक्षित जिल्हा’ ही ओळखही. अशा जिल्ह्यात लठ्ठपणाबद्दल काय बोलायचे, असे पुष्कळांना वाटेल. मला हा समजच घातक वाटतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि लंडनच्या जॉन युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हे नवजात बाळांतही दिसले. बाळे सरासरी 2.7 किलोच्या आसपास, मांस कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आईच्या पोटातच आबाळ झालेला देह पुढे थोडे जास्त खाणे आणि थोडे कमी कष्ट एवढ्यानेही पोटात चरबी साठवू लागतो. दुष्काळी मुलखाला लठ्ठपणाची भीती कमी नाही, उलट जास्त आहे, ती यामुळे. वजनकाट्यावर मात्र ती दिसत नाही.

पोटातली ही चरबी स्वस्थ बसत नाही. फुगलेल्या चरबीपेशींतून दाह वाढवणारी रसायने सुटतात आणि मंद दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. एवढी खळबळ म्हणजे प्रतिकारशक्ती तरी जागी असेल, असे वाटते. घडते उलटेच. कर्करोगाच्या पेशी मारणे हे ‘नॅचरल किलर’ पेशींचे काम. लठ्ठपणात त्यांच्यातच चरबी भरते, आणि त्या गाठीपाशी पोचल्या तरी मारण्याचे बळ त्यांच्यात उरत नाही, असे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2018 साली दाखवले. यकृतात तर नुकसान दुहेरी आहे. चरबीने सुजलेल्या यकृतात प्रतिकारशक्तीच्या सीडी-4 पेशी मरतात आणि सीडी-8 पेशी यकृतालाच इजा करू लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. जखम, व्रण, पुन्हा जखम असे होत सिरोसिस होतो आणि पुढे कर्करोग; कधी सिरोसिसवाचूनही. दारू आणि हिपॅटायटिस-बी ही कारणे आहेतच, चरबी त्यांत भर घालते. लठ्ठपणामुळे होणाऱ्या कर्करोगांत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 साली यकृताचा स्पष्ट समावेश केला. तरीही सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ वाचून आपण कागद घडी घालून ठेवतो.

खरे तर गावोगाव जाऊन कर्करोग कसा रोखावा हे जगाला शिकवले ते याच जिल्ह्याने. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेसोबत इथल्या 1,31,746 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी मिळाली नाही, यावरून पुढे वाद झाला आणि तो योग्यच होता. पण घरोघर पोचता येते, बायका विश्वासाने येतात, हे सिद्ध झाले.

यकृताच्या कर्करोगासाठी सगळ्या गावाला लावता येईल अशी एकच चाचणी नाही. म्हणून आधीच्या पायरीवर पकडायला हवे. आशाताई भरतात त्या तपासणी फॉर्ममध्ये कमरेच्या घेराचा रकाना आहेच. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले आहे. पुरुषाचा घेर 90 आणि बाईचा 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला, किंवा मधुमेह असला, तर वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृत किती कठीण होत आले आहे याचा अंदाज बांधता येतो. या टप्प्यावर वजन सात ते दहा टक्के उतरले तरी सूज ओसरू शकते. भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी नियमाने सुरू व्हावी, आणि जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहू नये.