ग्राउंड आणि लेखी

मानोऱ्याहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पहाटे पोरं धावतात. बहुतेक जवळपासच्या तांड्यांवरची. एकाच्या बुटाचा तळ सुटलेला, त्यावर सुतळी आवळलेली. पण मोबाइलवरची वेळ मात्र चोख लावलेली. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की पोलीस भरतीत २० पैकी २० गुण. मग शंभर मीटर, मग ७.२६ किलोचा गोळा. सगळं मिळून ग्राउंडचे ५० गुण. लेखीचे मात्र १००. ‘ग्राउंड निघालं, पण लेखीत गेलो,’ हे वाक्य भरतीच्या निकालानंतर घरोघरी ऐकू येतं.

ज्या घरात शेत थोडं आणि दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जाणार, तिथल्या मुलाला अंगातलं बळ हेच भांडवल वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये बास्केटबॉलचं आणि फुटबॉलचं स्वप्न असंच वाढलं. १९७५ साली विम्बल्डन जिंकलेला टेनिसपटू आर्थर ॲश हा कृष्णवर्णीय समाजातलाच, पण विद्यापीठाची पदवी घेतलेला. १९७७ मध्ये त्याने कृष्णवर्णीय पालकांना जाहीर पत्र लिहिलं. मुलं एक तास मैदानावर घालवत असतील, तर दोन तास ग्रंथालयात घालवू द्या, असं त्याचं सांगणं होतं. शिखरावर पोचलेल्या खेळाडूने हे लिहिलं, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं. खेळाचं वेड त्याला ठाऊक होतं. त्या वाटेवर किती जण मागे पडतात, हेही त्याने पाहिलं होतं.

आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावला. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली, आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाली. ही नावं मुलांना जरूर सांगावीत. पण ती सांगून शिक्षकांचं काम संपत नाही.

मला खरी काळजी वाटते ती शाळेतल्या मायेची. धावण्यात तालुक्याला पहिला आलेला मुलगा गणिताच्या तासाला दिसला नाही, तर आपण म्हणतो, ‘असू दे, तो खेळाडू आहे.’ दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, ते सरावात गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून. आपण मात्र त्यांना अभ्यासातून सुटका समजतो. सरावामुळे बुडालेला तास संध्याकाळी भरून देणारं कोणी हवं. तांड्यावर रात्री नऊपर्यंत दिवा असलेली एक खोली हवी. मुलींसाठी तर ती आधी हवी, कारण त्यांच्या धावण्याला घरातून परवानगी मिळते तीच मुळात दोन-तीन वर्षांची.

सैन्यभरतीच्या वाटेवरही हाच प्रश्न आहे. तिथे अग्निवीर म्हणून भरती झालेल्यांपैकी चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होतात. बाकीचे बावीस-तेवीस वर्षांचे तरुण गावी परततील, पायांत वेग असेल, अंगात शिस्त असेल. पुढच्या नोकरीचा अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्यात त्यांना काय लिहिता येईल, ते आज आठवीच्या वर्गात ठरतं आहे.