गर्दीतून बाजूला

आजचा शास्त्रभाग : मार्क ७:३१-३७

आज सकाळी मी ३३ व्या वचनापाशीच थांबले. दकापलीसमध्ये लोकांनी एका बहिऱ्या माणसाला प्रभूकडे आणलं. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. लोकांना सगळ्यांसमोर काहीतरी घडायला हवं असणार. प्रभूने मात्र आधी त्याला गर्दीतून बाजूला नेलं. मग कानांत बोटं घातली, जिभेला स्पर्श केला. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू हातांनी बोलला, असं मला वाटतं.

आणि मला आमच्या संडे स्कूलमधला एक मुलगा आठवला. दुभंगलेला ओठ आणि फाटलेली टाळू घेऊन जन्मलेला. दोन्ही लहानपणीच शिवलं होतं. आपल्याला वाटतं, झालं, संपलं. तसं नसतं हो. टाळू नीट मिटत नसेल तर हवा नाकातून निसटते. प, ब, क गेंगाणे येतात. जबड्याची शस्त्रक्रिया लागणार असेल, तर ती बहुधा हाडांची वाढ पुरी होईपर्यंत थांबते. म्हणजे मिसरूड फुटायचं, सारखं आरशात बघायचं वय नेमकं वाट बघण्यात जातं.

तो १३ वर्षांचा असताना नाताळच्या कार्यक्रमात मी त्याला वचन पाठ म्हणायला उभं केलं. भीड मोडेल, हा माझा हिशेब. त्याला विचारलं नाही, घरी विचारलं नाही. मागच्या बाकावरची मुलं हसली. त्याने पूर्ण म्हटलं आणि खाली उतरला. पुढे दोन वर्षं वर्गात तोंडावर हात धरून बसायचा. काही हवं असलं तर बहीण सांगायची. त्या वयात दोस्ती, थट्टा, भांडण, सगळं बोलण्यावरच चालतं. तो त्यातून उठूनच गेला. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत होते, मी त्याला संधी दिली!

गेल्या रविवारी उपासनेनंतर मी त्याची माफी मागितली. आता तो बारावीत आहे. जरा वेळ गप्प राहून म्हणाला, "टीचर, ते वचन मला अजून पाठ आहे."

चर्चच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघंच होतो. त्याने म्हटलं, मी ऐकलं. तोंडावर हात नव्हता.

प्रार्थना : प्रभू, पुढच्या महिन्यात त्याच्या जबड्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांचे हात सांभाळ. त्याच्या आईला झोप लागू दे. आमेन.