समीकरणाचा दोष किती?

टॉम गॉडविन या अमेरिकन लेखकाची 'द कोल्ड इक्वेशन्स' ही विज्ञानकथा ऑगस्ट १९५४च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात आली. कथासूत्र दोन-तीन वाक्यांत मावतं. दूरच्या ग्रहावर तापाने पछाडलेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन एक छोटं यान निघालं आहे आणि भावाला भेटायच्या ओढीने अठरा वर्षांची मॅरिलिन त्यात लपून बसली आहे. इंधन एका वैमानिकापुरतं मोजून दिलेलं. तिला अवकाशात लोटलं नाही तर यान कोसळणार, आणि औषध न मिळाल्याने ती सहा माणसंही दगावणार. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ही कथा तीनदा परत पाठवली, कारण गॉडविन दर खेपेला मुलीला वाचवायची नवी युक्ती काढत, अशी हकिकत विज्ञानकथेच्या वर्तुळात सांगितली जाते. अखेर कॅम्पबेल यांचं म्हणणं चाललं आणि मुलगी मेली. कथेचा दावा असा की तिला कोणी मारलं नाही, भौतिकशास्त्राने मारलं. माझं म्हणणं, हा दावा टिकत नाही. आणि तो का टिकत नाही हे पाहताना आपल्याकडचा एक जुना वाद फार उपयोगी पडतो.

ईश्वराने हे जग निर्माण केलं असेल तर कोणी सुखात, कोणी हालात असं का? मग तो पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिलं आहे : ईश्वर मन मानेल तसं वाटप करत नाही, तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्य त्यावर पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो; एकीकडे भात आणि दुसरीकडे जव उगवतं ते बियाण्यामुळे. गॉडविनच्या कथेचा बचाव हुबेहूब याच वळणाचा आहे. लेखक निर्दय नाही, तो नियमांना बांधलेला आहे. मुलीने पाटी वाचूनही दार ओलांडलं, फार तर दंड होईल असं तिला वाटलं, आणि पुढचं सगळं गणिताने केलं. पण सूत्रकार इथे थांबत नाहीत. अगदी आरंभी, कर्मच नसताना, भेद कुठून आला, ही पुढची शंका ते स्वतःच काढतात आणि संसार अनादि आहे असं उत्तर देतात. हे उत्तर सर्वांना पटतं असं नाही. तरी ईश्वराच्या बाबतीत ते देता तरी येतं. लेखकाला ही सोय नाही, कारण त्याच्या विश्वाला पहिलं पान असतं. त्या पानाआधी ना इंधन होतं, ना यान, ना मुलीचं पूर्वकर्म.

आराखडा आणि खर्डा यांतला खरा फरक मला इथे दिसतो. आराखड्यात 'मुलगी मरते' एवढं लिहिलं की भागतं. खर्डा लिहायला बसलं की तिच्या मरणाची सोय करावी लागते, आणि ती सोय एकेका तपशिलातून होते. गॉडविनच्या यानात सामानाचं एक कपाट आहे. आत ऊब देणारं शरीर आहे हे दाखवणारा काटा समोरच्या फलकावर आहे, पण वैमानिकाला तो दिसतो उड्डाण झाल्यावर. इंधन कणाकणाने मोजणाऱ्यांनी निघण्यापूर्वी यानाचं वजन घेतलेलं नाही. लपून आलेला माणूस सापडताच बाहेर टाकावा असा लेखी नियम आहे, म्हणजे असं कोणी येऊ शकतं हे व्यवस्थेला आधीच ठाऊक होतं. वैमानिकाजवळ शस्त्रही आहे. दाराला कुलूप मात्र नाही. 'प्रवेश बंद' अशा अर्थाची एक पाटी आहे. यांतली एकही गोष्ट न्यूटनच्या नियमांतून निघत नाही. वस्तुमान वाढलं की इंधन जास्त लागतं, एवढंच समीकरण सांगतं. इंधन किती भरायचं, दार कसं लावायचं, हे कोणीतरी ठरवतं. कथेत ते एका अदृश्य प्रशासनाने ठरवलं, कथेबाहेर गॉडविन यांनी, आणि गॉडविन यांच्या वर कॅम्पबेल होते. (इथे ईश्वर दोन होते, त्यांतल्या दयाळू ईश्वराला साभार परत मिळत राहिलं.)

यावर म्हणता येईल की प्रत्येकच कथा लेखकाने रचलेली असते. शोकांतिकेतला नायक मरतो तेव्हा आपण नाटककाराला जाब विचारत नाही. खरं आहे. पण शोकांतिका निसर्गनियमाची साक्ष काढत नाही. विज्ञानकथा काढते, आणि 'याहून वेगळं घडूच शकत नव्हतं' या साक्षीवरच तिचा वाचकावरचा पगडा उभा असतो. साक्ष काढली की उलटतपासणी आलीच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : अवकाशाच्या सीमेवर शिलकी इंधनाची चैन परवडत नाही, आणि कथेत तसं कारण दिलेलंही आहे. पण प्रत्यक्षात अभियंते उलट वागतात. १९६९मध्ये 'अपोलो ११'चं यान चंद्रावर उतरताना इंधन अगदी कमी उरलं होतं. तरीही कोणत्या मर्यादेला पोचल्यावर उतरणं सोडून परत फिरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. समीकरण दया करत नाही हे ज्याला पक्कं कळलं आहे, तोच शिल्लक राखतो. तिसरी गोष्ट मी मान्य करतो. मुलगी वाचली असती तर ही कथा एक हुशार कोडं होऊन विसरली गेली असती. आईवडिलांना पत्रं लिहिणारी, बिनतारी यंत्रावर भावाशी शेवटचं बोलणारी मॅरिलिन वाचकाच्या मनातून जात नाही, ती कॅम्पबेल यांच्या हट्टामुळेच. मात्र शेवट परिणामकारक आहे, यावरून तो अटळ होता असं ठरत नाही.

म्हणून विज्ञानकथेच्या लेखकाने पात्राला मारू नये असं मी म्हणणार नाही. त्याने खर्ड्यात कुठेतरी, कोणाच्या तरी तोंडून, हा नियम कोणी केला एवढं विचारू द्यावं. मॅरिलिन विचारते ते इतकंच की मरण्याजोगं मी काय केलं; आणि तिच्यासकट सगळे ते मरण निसर्गाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. 'द कोल्ड इक्वेशन्स'ला १९७०च्या 'सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम' या संग्रहात जागा मिळाली, ती योग्यच होती. पण यान ज्यांनी बांधलं त्यांना या कथेत कोणीही जाब विचारत नाही, आणि हे तिचं मोठं न्यून आहे.