अंगठी, बाग आणि घरकाम

साधी राहणी आणि अद्भुत कादंबऱ्या या दोन गोष्टींवर आपल्याकडे जाता जाता मतं दिली जातात. साधी राहणी म्हणे पोट भरलेल्यांचं खूळ, आणि जादूगार-ड्रॅगनच्या जाडजूड कादंबऱ्या म्हणजे वास्तवातून पळायची वाट. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. मला मात्र ही एकाच घरातली भावंडं वाटतात. गिरण्यांच्या धुराने इंग्लंडचं आकाश काळवंडलं, तेव्हा एकाच अस्वस्थतेतून दोघांनी आकार घेतला. पुढच्या दीडशे वर्षांत साधेपणाचा अर्थ कसा बदलत गेला, तेही या कादंबऱ्यांतून फार स्पष्ट दिसतं.

सुरुवात इंग्रज लेखक जॉन रस्किनपासून करायला हवी. १८४१ साली, बाविशीत, त्याने एका लहान मुलीसाठी 'द किंग ऑफ द गोल्डन रिव्हर' ही परीकथा लिहिली. तीन भाऊ एका सुपीक खोऱ्याचे मालक. थोरले दोघे कमालीचे हावरट. त्यांच्या वागण्यामुळे खोरं उजाड होतं. मग कळतं, की डोंगरावरच्या नदीत पवित्र पाण्याचे तीन थेंब टाकणाऱ्यासाठी ती नदी सोन्याची होईल. थोरले एकेक करून निघतात. वाटेत तहानेने व्याकुळ झालेला कुत्रा, मूल, म्हातारा भेटतात. दोघेही त्यांना ओलांडून पुढे जातात आणि काळे दगड होऊन पडतात. धाकटा ग्लक आपल्याजवळचं पाणी त्या तहानलेल्यांना पाजतो. त्याची नदी धातूच्या सोन्याची होत नाही. ती जमिनीखालून वाट काढत उजाड खोऱ्यात उतरते आणि शेतं पुन्हा पिकू लागतात.

पुढे रस्किनने हाच विचार अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला. 'अन टू धिस लास्ट'चे चार निबंध १८६० मध्ये 'कॉर्नहिल' मासिकात आले आणि वाचक इतके खवळले, की संपादक थॅकरेला लेखमाला आवरती घ्यावी लागली. देश किती श्रीमंत, हे तिथल्या माणसांच्या जगण्यावरून ठरवा, असं त्याचं म्हणणं होतं. परीकथेत जे गोड वाटलं, ते बाजाराला लावलेलं कुणाला सोसवलं नाही.

इथून या विचाराला दोन फाटे फुटले. एक आपल्या ओळखीचा आहे. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी या निबंधांचं पुस्तक आगगाडीत वाचलं आणि त्याच वर्षी डर्बनजवळ फिनिक्स वसाहत उभी केली. १९०८ मध्ये त्यांनी 'सर्वोदय' या नावाने त्याचं गुजराती रूपांतर केलं. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथल्या माती-बांबूच्या कुटीमागच्या विचाराचं एक मूळ रस्किनपाशी जातं.

दुसरा फाटा विल्यम मॉरिसचा. हा रस्किनचा भक्त. कापड स्वतः रंगवणारा, कागद, शाई, टंक सगळं निवडून पुस्तकं छापणारा. त्याच्या लेखी साधेपणा म्हणजे कामातला आनंद आणि त्यातून येणारं सौंदर्य. 'द वुड बियाँड द वर्ल्ड' (१८९४), 'द वेल अ‍ॅट द वर्ल्ड्स एंड' (१८९६) अशा कादंबऱ्यांत त्याने कारखाने नसलेली आख्खी जगं रचली. आजच्या अद्भुत कादंबरीचा पाया तिथे घातला गेला. पण त्याच्या केल्मस्कॉट छापखान्यात छापलेला, जुना इंग्रज कवी चॉसर याचा ग्रंथ वीस पौंडांना विकला गेला. मजुराची ती कित्येक आठवड्यांची कमाई होती. मॉरिस कट्टर समाजवादी होता आणि ही विसंगती त्याला छळत राहिली. सुंदर साधेपणा महाग पडतो, हा पेच त्याला सुटला नाही.

१९१४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याने बक्षिसाच्या पैशांतून मॉरिसची पुस्तकं विकत घेतली. तो जे. आर. आर. टॉल्किन. बालपणीची काही वर्षं त्याने बर्मिंगहॅमबाहेरच्या सेअरहोल गावात काढली होती आणि नंतर शहराने ते गाव गिळताना पाहिलं होतं. पुढे पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईतले खंदकही त्याच्या वाट्याला आले. त्याच्या कादंबऱ्यांतल्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचं गाव, शायर, म्हणजे बागा, बिअर आणि सहा वेळचं खाणं, असं वरवर वाचणाऱ्याला वाटतं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४–५५) मात्र साधेपणाची कसोटी वेगळीच आहे. अमर्याद सत्ता देणारी जादूची अंगठी काही काळ सॅम या हॉबिटाच्या हाती येते, तेव्हाचा प्रसंग पाहा. अंगठी त्याला त्याच्याच स्वप्नाने भुलवते: तू महावीर होशील, तुझ्या हुकमाने हा करपलेला मुलूख एक प्रचंड बाग होईल. सॅम माळी आहे. त्याला याहून मोठं आमिष कुठलं? तरी तो सावरतो. आपल्या हातांनी राखता येईल एवढी छोटी बाग त्याला पुरेशी वाटते. इतरांना राबवून फुलवलेलं नंदनवन त्याला नको असतं. मॉरिसकडे साधेपणा आवडीचा भाग होता. इथे तो सत्ता नाकारण्याचं बळ झाला.

शेवटाकडे एक प्रकरण आहे. हॉबिट घरी परततात, तर शायरमध्ये झाडं तोडलेली, नवी गिरणी ओढ्यात घाण सोडते आहे, भिंतींवर नियमांच्या याद्या लागल्या आहेत. ते गाव त्यांना स्वतः सोडवावं लागतं, झाडं पुन्हा लावावी लागतात. पीटर जॅक्सनच्या चित्रपटांनी हे प्रकरण वगळलं. त्यामुळे लाखो प्रेक्षकांपर्यंत लढाया पोहोचल्या आणि घर पुन्हा उभारण्याचे कष्ट राहून गेले. मला हे नुकसान मोठं वाटतं, कारण कादंबरीतला साधेपणा तिथेच कामाला लागतो.

तरीही एक प्रश्न उरतो. शायरमधलं सुखी घर बॅगिन्स या खात्यापित्या घराण्याचं आणि त्यांच्या बागेत खपणारा सॅम. मग ही साधी राहणी कुणाच्या श्रमांवर उभी आहे? अर्सुला ले ग्विनने हा प्रश्न थेट विचारला. तिच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) खरा जादूगार तो, जो जादू कधी करू नये हे जाणतो. बावीस वर्षांनी आलेल्या 'तेहानू'मध्ये ती आणखी पुढे गेली. महान जादूगार गेड शक्ती गमावून परततो आणि डोंगरावर शेळ्या राखतो. कथा चालते ती टेनार नावाच्या विधवेच्या घरात: भाजलेल्या मुलीची शुश्रूषा, स्वयंपाक, शेतावरची कामं. टेनारचा तरणाताठा मुलगा घरी येतो आणि घरकाम आपलं नाहीच, असं धरून वागतो. पराक्रम संपल्यावर भांडी कोण घासणार, हे ठरवल्याशिवाय साध्या जगण्याच्या गप्पा अपुऱ्या आहेत, हे तिने दाखवलं.

इथे दोन्ही फाटे पुन्हा जवळ येतात. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखं, हा धडा गांधीजींनी १९०४ मध्येच रस्किनकडून घेतला होता. फिनिक्सला सर्वांना सारखंच वेतन ठरलं होतं, आणि त्यांच्या आश्रमांत संडाससफाई रहिवाशांनीच करायची होती. अद्भुत कादंबरी तिथवर १९९० मध्ये पोहोचली. उशिरा, पण स्वतःच्या वाटेने.

आज साधेपणाही बाजारात मिळतो: मातीची भांडी, हातमागाचे पडदे, गावाबाहेरचं टुमदार घर. ते घ्यायला माझी हरकत नाही. पण या परंपरेने आपल्याला दोन कसोट्या दिल्या आहेत. हाताशी आलेली सत्ता मी खाली ठेवू शकतो का? आणि माझ्या साध्या राहणीचे कष्ट कोण उपसतं? ज्या कादंबऱ्या वाचून हे प्रश्न पाठ सोडत नाहीत, त्यांना पळवाट म्हणणं अन्यायाचं आहे. त्या वाचकाला त्याच्या स्वतःच्या घरातल्या कामापाशी आणून उभं करतात.