वेड आणि नाटक यांच्या मधली माणसं

मनाच्या आजारासाठी आपल्या घरांत दोनच कप्पे असतात. माणूस रस्त्यावर स्वतःशी बडबडत फिरू लागला, तर ते वेड; बाकी सगळं नाटक, आळस, नखरे, फार तर 'जास्त विचार करायची सवय'. आजारी माणसांची खरी गर्दी या दोहोंच्या मध्ये आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार असल्याचं आढळलं, आणि विकारानुसार त्यांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. (महाराष्ट्र या बारा राज्यांत नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार निराळं असेल असं मानायला काही आधार नाही.) मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत, जिल्ह्याच्या गावाला जाण्यात दिवसाची मजुरी बुडते, हे सगळं खरं. पण त्याच्याही आधीची अडचण ही की, आपल्या माणसाला नेमकं काय होतंय हे घराला ओळखता येत नाही. म्हणून मनोविकारांचे प्रकार आणि लक्षणं यांचं ज्ञान तज्ज्ञांपुरतं ठेवणं आपल्याला परवडणारं नाही, असं माझं म्हणणं आहे. त्यावरचे आक्षेप हलके नाहीत. त्यांच्याकडेही वळायचं आहेच.

जे विकार सर्वांत जास्त आढळतात, तेच सर्वांत कमी दिसतात. नैराश्याचे प्रचलित निकष नऊ आहेत: मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा जिवाची तगमग, लक्ष न लागणं, आपण कुचकामी किंवा अपराधी आहोत असं वाटणं, आणि मरणाचे विचार. त्यांपैकी किमान पाच, त्यांतही पहिल्या दोहोंपैकी एक, निदान दोन आठवडे जवळजवळ रोज असावं लागतं. पण दवाखान्यात आलेली बाई असं काही बोलत नाही. डोकं जड झालंय, अंग मोडून आलंय, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, एवढंच ती सांगते. डॉक्टर रक्त तपासतात, टॉनिक लिहून देतात. गेले तीन महिने तिने शेजारी जाणं सोडलंय, फोडणी करपेपर्यंत ती गॅससमोर नुसती उभी राहते, हे कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. चिंताविकारांचंही तेच. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आता आपण मरणार अशी खात्री वाटते. काही मिनिटांत ही लाट टोकाला जाते. ईसीजी नॉर्मल येतो आणि 'तुम्हाला काहीही झालेलं नाही' असं सांगून माणसाला घरी पाठवलं जातं. त्यानंतर तो गर्दीची लोकल टाळतो, मग ऑफिस टाळतो, शेवटी एकट्याने घराबाहेर पडणंच टाळतो. मंत्रचळाच्या रुग्णाला तर आपले हात स्वच्छ आहेत हे कळत असतं. कळूनही धुण्यावाचून सुटका नसते. बघणाऱ्यांना ती स्वच्छतेची आवड वाटते.

तीव्र आजार तरी आपण ओळखतो का? स्किझोफ्रेनियातले भास आणि भ्रम दिसतात: कुणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी न हलणारी खात्री असते. पण याच आजाराची दुसरी बाजू मुकी असते. विशी-पंचविशीतला मुलगा घुमा होतो, अंघोळ टाळतो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, कॉलेज सुटतं. घरचे त्याला वर्षभर आळशी म्हणत राहतात, आणि उपचार लवकर सुरू होण्याने जो लाभ झाला असता तो हातचा जातो. बायपोलर विकारात उन्मादाची सुरुवात घराला चक्क आवडते. तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, बोलणं झपाट्याचं, डोक्यात धंद्याच्या दहा योजना. कर्जाचे कागद घरी येतात तेव्हा कुठे काहीतरी बिनसल्याचं लक्षात येतं. पुढे तोच माणूस नैराश्यात गेला आणि मागचा उन्माद डॉक्टरांना कुणी सांगितला नाही, तर एकट्या नैराश्यविरोधी औषधाने तो पुन्हा उन्मादात ढकलला जाऊ शकतो. कुठल्या प्रकारचा विकार आहे हे कळणं म्हणूनच नुसत्या कुतूहलाचा विषय नाही. औषध त्यावर ठरतं. व्यसनं, उतारवयातला स्मृतिभ्रंश, मुलांमधली स्वमग्नता यांच्या वाटा आणखी वेगळ्या आहेत, आणि त्यांना स्वतंत्र लेखच हवा.

पहिला आक्षेप असा: यांतल्या बहुतेक आजारांना रक्ताची चाचणी नाही, मग हे निदान डॉक्टरांच्या मर्जीवरच चालणार ना? एके काळी बरंचसं तसंच होतं. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत लंडनपेक्षा स्किझोफ्रेनियाचे रुग्ण कितीतरी जास्त का, याचा शोध १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका ब्रिटिश-अमेरिकन गटाने घेतला. दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच पद्धतीने प्रश्न विचारल्यावर तो फरक बराचसा विरला. रुग्ण वेगळे नव्हते, डॉक्टरांची व्याख्या वेगळी होती. या अनुभवातूनच लक्षणं किती, किती दिवस, हे काटेकोर लिहून काढण्याकडे कल वाढला आणि १९८० च्या डीएसएम-३ या अमेरिकन निदानपुस्तिकेत ते प्रत्यक्षात आलं. तरी प्रश्न संपलेला नाही. २०१३ च्या डीएसएम-५ साठी घेतलेल्या चाचण्यांत नैराश्याच्या निदानावर दोन डॉक्टरांचं एकमत अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. हे मान्यच करायला हवं. पण अर्धशिशीचं निदानही प्रामुख्याने रुग्णाचं ऐकूनच होतं, आणि तेवढ्यावरून कुणी त्या वेदनेला खोटं म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. समाजाला जे खपत नाही त्याला विकार म्हणण्याचा इतिहास मानसोपचाराला आहे. समलैंगिकता अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीतून १९७३ मध्ये निघाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून थेट १९९० मध्ये. तोवर किती आयुष्यांची नासाडी झाली असेल याचा विचार अंगावर काटा आणतो. मात्र वेगळेपणाला आजार मानायचं नाही; त्रास होतो का आणि रोजचं जगणं अडतं का हे पाहायचं, हा धडा शास्त्र त्यातूनच शिकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या यादीत झपाटलं जाण्याची अवस्था हा विकार आहे, पण ती माणसाला नको असताना ओढवते, त्याला त्रास देते आणि त्याच्या समाजाच्या स्वीकृत धार्मिक प्रथेचा भाग नसते तेव्हाच. म्हणजे जत्रेत अंगात येणाऱ्या बाईला हे शास्त्र आपोआप रुग्ण ठरवत नाही. आपल्याकडच्या अनेक सुशिक्षितांपेक्षा ही भूमिका मला अधिक सभ्य वाटते.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला गोळी कसली देता, त्याला भाव द्या. भाव द्यायलाच हवा, यावर वाद नाही. पण दुःखाचं कारण समाजात आहे म्हणून त्यावर उपचार चालत नाहीत, हे अनुमान चुकीचं आहे. गोव्यात संगाथ या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याची तीव्र लक्षणं असलेल्या लोकांशी सहा ते आठ बैठकी घ्यायला लावल्या. सुटलेली कामं आणि माणसं पुन्हा थोडी थोडी धरायची, अडचणी सोडवायच्या, एवढाच गाभा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. या बैठकींत गोळीचा प्रश्नच नव्हता. आणि नैराश्याने अंथरूण धरलेल्या माणसाला पीकविम्याच्या कचेरीत हेलपाटे घालायचं बळ तरी कुठून येणार?

राहिला शिक्का बसण्याचा मुद्दा. शिक्का आजही बसतोच. वेडसर, कामचुकार, करणी झालेला. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवडी या दर्ग्याच्या गावी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तिथे बांधलं होतं ते निदानामुळे नव्हे, दर्ग्याच्या आसऱ्याने बरे होतील या आशेने. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीवर बंदी आणली आणि आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचं स्थान दिलं. या हक्कांवर दावा सांगायलाही आजाराचं नाव लागतं. उलट टोकाचा धोकाही मला दिसतो. मोबाइलवरची रील पाहून मुलं स्वतःला बायपोलर म्हणवून घेतात. त्यांना गप्प करण्यापेक्षा किती दिवसांपासून, झोप कशी आहे, अभ्यास-मित्र सुटलेत का, असं विचारणं बरं. उत्तरांतून परीक्षेचा ताण कुठला आणि आजार कुठला याचा अंदाज येतो. पक्कं निदान डॉक्टरांनीच करायचं असतं.

एक प्रश्न मात्र बहुतेक घरं गिळून टाकतात: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती असते. संशोधन या भीतीला दुजोरा देत नाही. सरळ आणि मायेने विचारलं तर अनेकांना सुटल्यासारखंच वाटतं. उत्तर हो आलं, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, कीटकनाशक आणि गोळ्या घरातून हलवायच्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.