उगाच

इंग्रजीत साध्या क्रियापदाला ‘अराउंड’ किंवा ‘अबाउट’ चिकटलं की बहुतेकदा त्यातला हेतू गळून पडतो. ‘सिट’ म्हणजे बसणं, ‘सिट अराउंड’ म्हणजे नुसतं बसून राहणं. हँग अराउंड, स्टँड अबाउट, मेस अबाउट हे सगळे त्याच गोतावळ्यातले. दोन्ही जोडशब्दांचा अर्थ ‘भोवती’. म्हणजे फिरायचं गोल, पोचायचं कुठेच नाही. गर्दी जागच्या जागी घोळत राहते त्याला ‘मिल अबाउट’ म्हणतात. गोल गोल फिरणाऱ्या गुरांच्या कळपालाही हेच क्रियापद लावतात. निवृत्त साहेब बागेत ‘पॉटर अबाउट’ करतो, तेव्हा त्याच्या रिकामपणाचं कौतुकच असतं.

मराठीत हे काम ‘उगाच’ करतं, आणि तो शब्द बहुधा ओरडा म्हणूनच कानावर पडतो. उंडारणं, हुंदडणं हे शब्द आईच्या तोंडी येतात ते पोर घरी उशिरा आल्यावर. घुटमळणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. ताटकळणाऱ्याला दुसऱ्या कुणीतरी उभं केलेलं असतं. निव्वळ, निर्दोष रिकामपणाला आपल्याकडे सुटा शब्द सापडणं अवघड. म्हणून तर ‘टाइमपास’ इतक्या सहज घरचा झाला.

पण इंग्रजी उदार आहे असं म्हणायची घाई नको. बागेतल्या साहेबाला जे माफ, ते रस्त्यावरच्या गरिबाला नाही. अमेरिकेत जॅक्सनव्हिल शहराच्या वटहुकमात गुन्हेगारांची जी यादी होती, तिच्यात कायदेशीर कामाशिवाय इकडून तिकडे ‘स्ट्रोलिंग अराउंड’ करणारेही होते. बोलण्यातला निरुपद्रवी ‘अराउंड’ थेट कलमात! 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वटहुकूम रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डग्लस स्वतः अट्टल पायपीट करणारे. निकालात त्यांनी व्हिटमन आणि थोरो या भटक्या लेखकांची आठवण काढली आहे.

तरी 1992 मध्ये शिकागोने टोळ्यांना आवर घालण्यासाठी नवा वटहुकूम आणलाच. ‘उघड हेतू दिसत नसताना एका जागी थांबणं’ ही त्यातली ‘लॉयटरिंग’ची व्याख्या. घोळक्यात टोळीतला कुणी असल्याचा पोलिसाला वाजवी संशय आला, की सगळ्यांनाच पांगायचा हुकूम. तीन वर्षांत असे 89,000 हून अधिक हुकूम सुटले आणि 42,000 हून अधिक माणसं पकडली गेली. 1999 साली हाही वटहुकूम सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मला त्यातला ‘उघड’ हा शब्द खटकतो. उघड कुणाला? हेतू उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात असतो. तो दिसतो की नाही, हे मात्र गस्तीवरचा पोलीस ठरवणार.

आपल्याकडे त्याला पोलीसही लागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांसाठी नेमका उगाच रेंगाळण्याचाच हक्क मागितला. सुरक्षिततेची मागणी सगळेच करतात. या तिघींनी रिकामपणाची केली. ती जास्त अवघड आहे. नाक्यावर तासभर उभ्या असलेल्या चार पोरांना कुणी कारण विचारत नाही. पलीकडे एकटी उभी असलेली मुलगी मात्र मधूनच घड्याळ पाहते, फोन कानाला लावते, बस येते त्या बाजूला मान वळवते. तिला कुठे जायचं असेलच असं नाही.